गोगलगायीपासून होणारा मस्तिष्कावरणदाह

पिकावर गोगलगायी पडल्या असता त्या वेचून नष्ट करणे हा खात्रीचा उपाय होय. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा अनेक शेतकरी कुटुंबांना हे काम करावे लागले. परंतु गोगलगाय ही केवळ पिकाचीच शत्रू नव्हे. तिच्या शरीरात कधी कधी एक सूक्ष्म कृमी असतो. तो मनुष्याच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास दाह होऊ शकतो.

रोगाचे मूळ

या कृमीस ‘अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस’ असे नाव आहे. चीनमधील कँटन येथील उंदरांत तो आढळला व १९३५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. प्रौढ कृमी उंदीर व घुशी यांच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याच्या अळ्या लेंड्यांवाटे बाहेर पडतात व गोगलगायीच्या शरीरात वाढतात. मुंबईतील उंदरांत हा कृमी असल्याचे १९८२ साली प्रसिद्ध झाले आहे.

कच्ची अथवा अर्धवट शिजलेली गोगलगाय, गोड्या पाण्यातील कोळंबी, खेकडा वा बेडूक खाल्ल्याने अळ्या पोटात जातात. न धुतलेल्या पालेभाजीत दडलेली बारीक गोगलगाय, किंवा गोगलगायी हाताळलेले हात तोंडास लागणे, हीही कारणे होत. हा रोग एका मनुष्यापासून दुसऱ्यास होत नाही.

लक्षणे

साधारणतः एक ते तीन आठवड्यांत तीव्र डोकेदुखी सुरू होते. मान ताठरते, मळमळ व वांत्या होतात, त्वचेवर मुंग्या आल्यासारखे किंवा आग होत असल्यासारखे वाटते. ताप बहुधा अल्प असतो किंवा नसतोही. त्यामुळे साधी डोकेदुखी समजून दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

निदान

डॉक्टर पाठीच्या कण्यातून थोडे पाणी काढून तपासतात. त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी एक घन मिलिमीटरमध्ये १० किंवा अधिक, अथवा एकूण पांढऱ्या पेशींच्या शेकडा १० किंवा अधिक असल्यास कृमीजन्य रोगाचा संशय बळावतो. मात्र आरंभी त्या न दिसण्याचा संभव असतो, आणि अळी तर पाण्यात क्वचितच सापडते. क्षय व इतर कृमी यांमुळेही मस्तिष्कावरणदाह होतो. म्हणून रोग्याने काय खाल्ले, गोगलगायी हाताळल्या काय, ही माहिती निदानास फार उपयोगी पडते. ती न विचारताही डॉक्टरांस सांगावी.

उपचार

बहुतेक रोगी बरे होतात. परंतु तीव्र रोगात कायमचे अपंगत्व किंवा मृत्यूही संभवतो. पाठीतील पाणी काढल्याने मेंदूवरील दाब कमी होऊन डोकेदुखीस उतार पडतो. थायलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोलोन हे औषध दोन आठवडे दिले असता डोकेदुखी साधारण ५ दिवसांत थांबली. औषध न मिळालेल्यांना १३ दिवस लागले. जंतांचे औषध मात्र आपल्या मनाने घेऊ नये. मेंदूत अळ्या मेल्याने दाह वाढण्याची भीती असते, म्हणून ते द्यावे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रतिबंध

१. गोगलगायी वेचताना हातमोजे वापरावेत किंवा चिमट्याने उचलाव्यात. लहान मुलांस या कामास लावू नये.
२. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या वा साबणाच्या पाण्यात माराव्यात व खोल पुराव्यात.
३. काम संपताच व जेवणापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत.
४. पालेभाजीचे प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली धुवावे. शक्यतो शिजवूनच खावी.
५. खेकडे, कोळंबी इत्यादी किमान ३ ते ५ मिनिटे उकळावीत.
६. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे व उंदीर-घुशींचा बंदोबस्त करावा.

गोगलगायींचा नाश करताना एवढी दक्षता बाळगल्यास पिकाबरोबर कुटुंबाच्या आरोग्याचेही रक्षण होईल.