औषध डुकराला, धोका घराला

मैत्रिणींनो, "आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, आम्हांला डुकरांशी काय करायचंय?" असं म्हणून पान उलटू नका. गोष्ट डुकरांपासून सुरू होते खरी, पण ती तुमच्याआमच्या औषधांच्या डब्यापर्यंत येते.

बाळाचं दूध तोडताना त्याचं पोट किती सांभाळावं लागतं, हे आपल्याला सांगायला नको. डुकराच्या पिल्लांचंही तसंच. पाळणाऱ्याला घाई असते, म्हणून तीनचार आठवड्यांतच त्यांना आईपासून तोडतात. दूध तुटलं, जागा बदलली की लागते हगवण, आणि पिल्लं दगावतात. ज्याच्या घरामागे पाचसात जनावरं, त्याला हे कसं परवडावं? मग आजार व्हायच्या आधीच सगळ्यांच्या खाद्यात जंतुनाशक औषध थोडं थोडं कालवायची रीत पडली. त्यानं वजनही लवकर भरतं. पुष्कळदा औषध कारखान्यातूनच खाद्यात मिसळून येतं. पोतं उघडणारीला आपण काय चारतोय याचा पत्ताही नसतो. तिला बोल लावायला निदान माझी तरी जीभ धजत नाही.

घोटाळा आहे तो या 'थोडं थोडं'मध्ये. झुरळांवर चिमूटभरच पावडर टाकली तर काय होतं? मरतुकडी मरतात, दांडगी उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. जंतूंचंही तेच.

चीनमध्ये असं चारलं जाणारं एक औषध होतं कोलिस्टिन. १९४९ साली जपानात सापडलेलं. मूत्रपिंडाला बाधतं म्हणून माणसांच्या डॉक्टरांनी ते बाजूला सारलं होतं. पुढे नवी औषधं लागू पडेनाशी झाली, तेव्हा अत्यवस्थ रोग्यासाठी शेवटचा उपाय म्हणून तेच पुन्हा काढावं लागलं. आणि इकडे तेच पोत्यांतून डुकरांच्या पोटात चाललेलं!

२०१३ साली शांघायच्या एका मोठ्या वराहपालन केंद्रातल्या डुकरात ई. कोलाय हे आतड्यातले जंतू सापडले, ते कोलिस्टिनला दाद देईनात. कारण होतं एक जनुक, एमसीआर-१. ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जातं. आपण नाही का पाककृती कागदावर उतरवून शेजारणीला देत, तसं! २०१५च्या नोव्हेंबरात शास्त्रज्ञांनी आकडे प्रसिद्ध केले. ८०४ डुकरांपैकी १६६मध्ये हे जनुक असलेले जंतू. कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८मध्ये. आणि रुग्णालयातल्या १३२२ रोग्यांपैकी १६ जणांत.

चीन सरकारनं ३० एप्रिल २०१७ पासून खाद्यात वाढीसाठी कोलिस्टिन घालणं बंद केलं. आता गंमत पाहा. २०१५-१६ साली डुकरांमधले ३४ टक्के ई. कोलाय या औषधाला जुमानत नव्हते. २०१७-१८ साली हे प्रमाण ५.१ टक्क्यांवर आलं. ग्वांगझौ शहरातल्या रुग्णालयांत असे जंतू बाळगणारे रोगी २०१६ साली १४.३ टक्के होते, ते २०१९ साली ६.३ टक्के झाले. दोनतीन वर्षांत एवढा फरक! मी बी.ए.वाली, मला तर हे वाचून नवलच वाटलं. आपल्या सरकारनंही जुलै २०१९मध्ये कोंबड्या, मासे, गुरं, डुकरं यांच्यासाठी कोलिस्टिनची विक्री बंद केली.

आता स्वयंपाकघराकडे वळू. औषधाला न जुमानणारा जंतू विस्तवापुढे मात्र इतरांसारखाच मरतो. तेव्हा मांस आतपर्यंत शिजू द्या. खरा धोका कच्च्या मांसाच्या हातांचा आणि विळीचा. त्याच विळीवर कोशिंबिरीची काकडी चिरू नका. दुसरी ठेवा, नाहीतर साबणानं स्वच्छ घासून घ्या. मांस नळाच्या धारेखाली धुतलं तर शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. धुवायचंच असेल तर पातेल्यात धुवा.

शाकाहारी घरांचीही सुटका नाही. सर्दीपडशाला औषधांच्या दुकानातून परस्पर दोन कॅप्सूल आणून घेणं म्हणजे डुकराला चारलेलं तेच 'थोडं थोडं'. मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या डब्यात असतील, तर त्या धाकट्याला तापात देऊ नका, शेजारणीनं मागितल्या तरी देऊ नका.