मालधक्क्यावरील खर्चाचा खुलासा

आमच्या उदार आश्रयदात्यांपैकीं कित्येकांनीं असा प्रश्न केला आहे कीं, बंधारे व रस्ते यांच्या कामाकरितां खडी आणि सिमेंट रेल्वेनें आणविल्यास, भाडें चुकतें केल्यावर पुनः ‘उतराई’ या सदराखालीं एवढा खर्च कां पडावा? प्रश्न रास्त आहे. ज्यानें द्रव्य दिलें त्यास त्याचा विनियोग समजून घेण्याचा हक्क आहे. म्हणून मालधक्क्यावर काय घडतें तें येथें संक्षेपानें निवेदन करितों.

प्रथम खडी. ती उघड्या वाघिणींतून येते. बॉक्स-एन जातीच्या वाघिणीची पोकळी सुमारें ५६ घनमीटर असते. सुटी खडी दर घनमीटरास सुमारें दीड टन भरते. म्हणजे वाघीण काठोकाठ भरल्यास ८४ टन होतील. एवढा भार वाहण्याची तिला परवानगी नाहीं, आणि मर्यादेबाहेर भरल्यास १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वयें दंडात्मक आकार द्यावा लागतो. सबब वाघीण वरून रिती दिसली म्हणून माल कमी आला असें कोणीं समजूं नये. भरंवसा तोलकाट्याच्या आंकड्यावर ठेवावा.

खडी उतरविण्याचे मार्ग तीन. बाजूचीं दारें उघडून फावड्या-घमेल्यांनीं ती ओढणें हा पहिला. जेसीबी किंवा यांत्रिक पंजा लावणें हा दुसरा. तिसरा मार्ग मोठ्या कारखान्यांचा व वीजकेंद्रांचा : तेथें टिपलर नांवाचें यंत्र सबंध वाघीण पकडून उलटी करितें, अथवा तळाशीं दारें असलेल्या वाघिणी रुळांखालच्या खड्ड्यांत माल सोडतात व सरकता पट्टा तो पुढें नेतो. असल्या सोयी साध्या स्टेशनाच्या धक्क्यावर नसतात. तेथें पहिले दोनच मार्ग उरतात.

आतां वेळेचा हिशेब. उपरिनिर्दिष्ट कायद्याच्या दुसऱ्या कलमांत दोन आकारांची व्याख्या आहे. मोफत मुदतीपलीकडे वाघीण अडवून ठेविल्यास डेमरेज. आणि उतरलेला माल मुदतींत रेल्वेच्या जागेवरून न हलविल्यास व्हार्फेज. पहिलें वाघिणीचें भाडें, दुसरें जमिनीचें. हे दोन्ही आकार एकाच खेपेवर बसूं शकतात.

उदाहरणार्थ, ६० टनांच्या ४० वाघिणी आल्या असें धरूं. खडी झाली २,४०० टन. दहा टनी मालमोटारींच्या २४० खेपा लागतील. एका खेपेस जाऊन-येऊन दोन तास लागत असतील, तर आठ तासांत एका मोटारीच्या चार खेपा होतात. म्हणजे ६० मोटारी एकसमयावच्छेदेंकरून हव्यात. तीसच मिळाल्या तर हमाल कितीही वाढविले तरी माल धक्क्यावरच पडून राहील. सारांश, उतराईचा खोळंबा बहुधा वाघिणीच्या दारांत नसून धक्क्याच्या फाटकाबाहेर असतो.

सिमेंटची गोष्ट निराळी. तें बंद वाघिणींतून, ५० किलोच्या थैल्यांत येतें. त्यास वाघिणीच्या तळाशीं समपातळींत असलेला उंच धक्का व वर छप्पर पाहिजे. कारण ओल लागतांच सिमेंट गोठूं लागतें व त्याचे खडे बनतात. कर्नाटकांतील वाडीहून नवी मुंबईच्या कळंबोलीस सुटें सिमेंट खास वाघिणींतून आणण्याची व्यवस्था करण्यांत आली, तेथें थैलीचा प्रश्नच नाहीं. परंतु ती सोय सर्वत्र नाहीं. वरील हिशेबानें ४० वाघिणींत ४८,००० थैल्या होतात. वाघिणींतून धक्क्यावर, धक्क्यावरून मोटारींत, मोटारींतून गोदामांत, अशी प्रत्येक थैली तीन वेळां माणसाच्या पाठीवर चढते.

हा भार वाहणाऱ्या माणसांसाठींच महाराष्ट्रांत १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यान्वयें द्यावयाची मजुरी व लेव्ही हें दान नव्हे, देणें आहे. शिवाय खडीच्या धुळींतील सिलिका फुप्फुसांत साचून असाध्य रोग जडतो. दुष्काळांत मजूर स्वस्त मिळतो म्हणून तोंडाला मुसके नाहीं, खडीवर पाण्याचा शिडकाव नाहीं, अशी काटकसर करणें म्हणजे एका हातानें जीव वांचवून दुसऱ्या हातानें तो घेणें होय.

उतराईची सोय आधीं करण्याचें महत्त्व लातूरकरांनीं अनुभविलें आहे. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी लातुरास पोंचलें; परंतु स्टेशनाजवळच्या विहिरींत तें उतरवून घेण्याची तजवीज झाली म्हणूनच त्याचा उपयोग झाला. खडीसही तोच न्याय.

सबब आमची नम्र विनंती अशी. व्यापारी मंडळींनीं गाडी येण्याच्या दिवसापुरत्या आपल्या मालमोटारी द्याव्या. जमीनदार गृहस्थांनीं स्टेशनालगतची पडीक जागा व रिकामें गोदाम पावसाळ्यापर्यंत वापरूं द्यावें. इतर दात्यांनीं ताडपत्र्या, मुसकीं व मजुरीचा भाग उचलावा. डेमरेजांत गेलेल्या रुपयानें एकही दगड बंधाऱ्यास लागत नाहीं. तो वांचविणें आपल्या हातीं आहे.