श्रेयनामावलीबाहेरचा ट्रंपेट

१९५१ साली मास्टर भगवान यांचा 'अलबेला' आला आणि पिटातला प्रेक्षक खुर्ची सोडून नाचू लागला. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. या चित्रपटातल्या एका नृत्यगीतात बँड पडद्यावरच दिसतो. त्या बँडचे म्होरके होते आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत मात्र त्यांना कुणी वाझ म्हणत नसे. तिथे ते 'चिक चॉकलेट' होते.

त्यांचा जन्म १९१६ चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये 'मेस्त', म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज (स्वरवाचन) आणि स्टाफ नोटेशन शिकवत. हेतू प्रार्थनासंगीताचा; पण त्यातून कागदावरचं संगीत पाहताक्षणी वाजवणाऱ्यांची पिढीच्या पिढी तयार झाली. गावात पोट भरेना, म्हणून ती मुंबईला आली.

१९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रंपेटवादक वाजवून गेले, आणि गोव्याच्या पोरांना जाझची गोडी लागली. चिक यांचं दैवत लुई आर्मस्ट्राँग. ट्रंपेटची फेक तर त्याची उचललीच, गातानाचा घोगरा आवाजही उचलला. 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' ही ओळख त्यांना त्यातूनच चिकटली.

ट्रंपेट हे वाद्य तसं निर्दयी. तीन झडपा आणि सुमारे दीड मीटर लांबीची गुंडाळलेली नळी; बाकी सगळं ओठांवर. बोटांच्या एकाच ठेवणीतून अनेक सूर निघतात, त्यातला नेमका कोणता निघेल हे ओठांचा ताण ठरवतो. रियाज चुकला की ओठ दगा देतात. सिंफनीत तर ट्रंपेटवाला कित्येक मिनिटं नुसत्या मात्रा मोजत बसतो आणि मग एकदम सगळ्यांच्या वर चढतो. मालरची पाचवी सिंफनी एकट्या ट्रंपेटनेच उघडते. तिथे चूक झाली तर झाकायला शेजारी कुणी नसतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि क्लबांची रया गेली. वादकांनी चित्रपटांच्या स्टुडिओंची वाट धरली. धोबीतलावच्या परिसरातलं आल्फ्रेड हे इराणी हॉटेल त्यांचा अड्डा. कामाचे निरोप तिथेच मिळत. बहुतेक संगीतकारांना नोटेशन येत नसे. ते चाल गाऊन दाखवत. अरेंजर ती कागदावर उतरवी, मधले तुकडे रचून प्रत्येक वाद्याचा भाग लिही. गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र रेकॉर्ड होई, त्यामुळे एक सूर घसरला की सगळं पहिल्यापासून.

चिक हे सी. रामचंद्रांचे सहाय्यक होते. रात्री हॉटेलात वाजवायचं, दिवसा स्टुडिओत, असा त्यांचा दिनक्रम. आवड जाझची होती, पैसा फिल्मी गाण्यांचा होता. आणि ती आवडच त्या गाण्यांत झिरपत गेली. १९६७ मध्ये, पन्नाशी जेमतेम ओलांडताना, ते गेले.

आवड आणि पैसा यांतला हा तिढा कुडचड्याच्या फ्रँक फर्नांड यांनी वेगळ्या रीतीने सोडवला. ट्रंपेटवर हुकूमत, अनिल विश्वास यांच्यासारख्या संगीतकारांकडे सहाय्यकाचं काम. मसुरीत त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि जाझला भारतीय वळण द्यायचा ध्यास त्यांनी घेतला. पुढे पदरचे पैसे घालून कोंकणी चित्रपट काढले: १९६३ साली 'आमचें नशीब', १९६६ साली 'निर्मोण'. 'निर्मोण'वरूनच हिंदीत 'तकदीर' झाला.

'आमचें नशीब'चं संगीत दिलं तेही ट्रंपेटवाल्यानेच. मडगावच्या बोर्ड्याचे ख्रिस पेरी. कोलकात्याचं ट्रिंकाज आणि चर्चगेटचं व्हेनिस गाजवलेल्या या माणसाने क्लबमधला जाझ कोंकणी गाण्यात उतरवला आणि गायिका लोर्नाच्या आवाजातून घरोघरी पोहोचवला. २०१५ चा 'नाचुया कुंपासार' हा चित्रपट या दोघांच्या गोष्टीवरच बेतलेला आहे.

घाटाच्या वर मात्र ट्रंपेट आला तो छावणीतून. पुण्याजवळच्या कासारवाडीच्या अलीकडे-पलीकडे पाहिलं तरी हे कळतं: शेजारी दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पुढे खडकीत बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. पलटणीच्या बँडचीच नक्कल करत लग्नाचे बँड उभे राहिले. गणवेश, पितळी वाद्यं, रांगेत चालणं, सगळं तिकडचं; फक्त चाली सिनेमाच्या. म्हणजे एखाद्या गोवेकराने स्टुडिओत वाजवलेला तुकडा वरातीतला ट्रंपेटवाला कानाने उचलून पुणे-मुंबई रस्त्यावर वाजवी. मूळ वादकाचं नाव दोघांनाही माहीत नसे, वाजवणाऱ्याला आणि नाचणाऱ्यालाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ते नसेच.

पुढे सिंथेसायझरने स्टुडिओतली वाद्यवृंदाची गरज संपवली, डीजे आणि बेंजोने वरातीतली. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेन्गालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तेव्हा बरेचसे वादक परदेशातून, विशेषतः कझाकस्तानातून आणावे लागले. ज्या शहरात एकेकाळी नोटेशन वाचणारे ट्रंपेटवाले चहा पीत कामाची वाट पाहत बसत, त्याच शहरातली ही गोष्ट. कासारवाडीतल्या एखाद्या मुलाला आज ट्रंपेट हाती धरायचा असेल तर त्याच्यासाठी जवळचा रस्ता अजूनही सैन्याच्या बँडचाच आहे. सिंफनीचा ऑर्केस्ट्रा त्यानंतर, लोकलने लोणावळा आणि मग घाट उतरून.