प्राणिसंग्रहालयातील लोकशिक्षक

प्राणिसंग्रहालय म्हणजे सुटीच्या दिवशी मुलांना दाखवावयाची एक मौज, अशी समजूत बराच काळ रूढ होती. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने मात्र वन्यजीव संरक्षणास हातभार लावणे हा या संस्थांचा मुख्य उद्देश ठरविला. हे कार्य केवळ वेतनी कर्मचाऱ्यांच्या बळावर पार पडणारे नाही. त्यास स्वयंसेवकांची जोड हवी.

स्वयंसेवकाचे काम पिंजऱ्याच्या आत नसते, बाहेर असते. प्राण्यांची निगा प्रशिक्षित सेवक राखतात; स्वयंसेवकाने सांभाळावयाचा तो प्रेक्षक. प्राण्यांना खाऊ घालणे, डिवचणे वा त्यांच्यापुढे गोंगाट करणे यांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. परंतु सूचनेची पाटी जे साधू शकत नाही, ते कठड्यापाशी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाच्या दोन शब्दांनी साधते.

पुण्याजवळील कात्रज येथे १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले व पुढे १९९९ मध्ये महानगरपालिकेचे प्राणिसंग्रहालय उभे राहिले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप कोणते आणि शेतातील उंदीर फस्त करणारी बिनविषारी धामण कोणती, हे अशा ठिकाणी समजावून देता येते. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, कारण सर्पविषावरील लस तेथेच मिळते, हेही सांगता येते.

म्हणून सहलीस आलेल्या शिक्षकांनी मुलांना अशा माहितगाराजवळ घटकाभर थांबू द्यावे. गावी परतलेल्या एखाद्या मुलाने वडिलांच्या हातची काठी थोपविली, तरी स्वयंसेवकाचे श्रम सार्थकी लागले.