चिमणीचं घर टांगलं, आता सांभाळायचं कुणी?

आज बोलायचं आहे ते सार्वजनिक बागेतल्या पाखरांच्या घरांबद्दल. ग्रामपंचायतीची बाग असो, शाळेची परसबाग असो, की पाण्याच्या टाकीजवळची चार झाडं असोत, तिथे हल्ली चिमण्यांसाठी लाकडी खोके टांगलेले दिसतात. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० साली तो सुरू झाला. त्या दिवशी शाळेतली पोरं घरं बनवतात, मोठी माणसं ती टांगतात, फोटो निघतात. मग रोवणी येते, कापणी येते, चुरणे येतात, आणि त्या घराकडे पुन्हा कुणी पाहत नाही.

आमचं सांगणं असं आहे की घर टांगणं एका दिवसाचं काम आहे, पण सांभाळणं वर्षभराचं. सांभाळणारं कुणी नसेल, तर ते घर न टांगलेलं बरं. वैशाखात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात पिल्लं होरपळतात. पावसात गळक्या खोक्यात अंडी भिजतात. पाखराला आपण बोलावतो आणि मग वाऱ्यावर सोडतो. म्हणून आज घर कसं असावं यापेक्षा ते कसं राखावं, यावर जास्त बोलू.

भोपळ्यात राहणारं पाखरू

आधी दूरदेशीची एक गोष्ट ऐका. अमेरिकेत पर्पल मार्टिन नावाचं पाखरू आहे. आपल्याकडे पुलाखाली चिखलाचं घरटं बांधणारी भिंगरी असते ना, तिच्याच कुळातलं, पण अंगानं मोठं. नर उन्हात जांभळा-निळा चमकतो. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून ते उन्हाळ्याच्या तोंडी उत्तरेला परततं. पूर्वी ते झाडाच्या ढोलीत राहायचं. तिथल्या चोक्टॉ आणि चिकासॉ या मूळच्या जमातींनी वाळलेले भोपळे पोकळ करून, त्यांना भोक पाडून दारासमोर खांबावर टांगले, आणि ही पाखरं त्यात राहू लागली. पुढे युरोपातून आलेल्या लोकांनीही त्यांच्यासाठी लाकडी घरं उभी केली. आज रॉकी पर्वताच्या पूर्वेला ही पाखरं जवळजवळ सगळी माणसानं दिलेल्या घरांतच अंडी घालतात. माणसानं हात काढून घेतला, तर त्यांनी जायचं कुठे?

म्हणून तिथे बागांमधली ही घरं सांभाळणारी माणसं असतात. लोक त्यांना गमतीनं घरमालक म्हणतात. हे घरमालक दोरी-कप्पीनं घर खाली उतरवतात, खोल्या तपासतात, किती अंडी, किती पिल्लं ते वहीत लिहितात, ओलं घरटं बदलतात आणि हंगाम संपला की घर धुऊन ठेवतात.

या गोष्टीत एक गंमत आहे. तिकडे या पाखराच्या घरात घुसणारं, त्याची अंडी फोडणारं पाखरू कोण? आपली चिमणी! १८५१-५२ च्या सुमारास ती इंग्लंडातून नेऊन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सोडली आणि ती तिकडे सगळीकडे पसरली. तिकडे ती दुसऱ्याचं घर बळकावते, आणि इकडे तिच्या घरात साळुंकी शिरते. ज्या पाखरासाठी घर करायचं, दार त्याच्याच मापाचं ठेवायचं, हे यातून ध्यानात घ्यायचं.

आपली चिमणी बेघर कशी झाली

आपल्या जुन्या घरांवर कवेलू होते. कवेलूंखाली, मयालीच्या सांदीत, मातीच्या भिंतीतल्या खोबणीत चिमणी घरटं करायची. आता घरकुलं आली, स्लॅब पडला, भिंती गुळगुळीत झाल्या. माणसाचं चांगलं झालं, पावसाळ्यातलं गळणं थांबलं. पण चिमणीला काडी ठेवायला सांद उरली नाही. पूर्वी अंगणात धान पाखडताना कणी सांडायची. आता बहुतेक धान सरळ मिलमध्ये जातं. त्यात वांग्याला फवारणी, भाजीला फवारणी. पिल्लांना चारायला अळ्या लागतात, त्याच कमी झाल्या.

तरी निराश व्हायचं कारण नाही. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली एक मोठा अहवाल निघाला. देश मिळून पाहिलं तर गेल्या पंचवीसेक वर्षांत चिमणी बरीचशी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे, असं त्यात दिसलं. म्हणजे खेड्यानं चिमणी अजून गमावलेली नाही. आहे तोवरच तिला जपायचं आहे.

घर तपासून घ्या

बागेत घर आधीच टांगलेलं असेल तर ते पुढच्या गोष्टींवर तपासा. नवं करायचं असेल तर सुताराला हेच माप सांगा.

दार गोल आणि सव्वा इंचाचं, म्हणजे ३२ मिलिमीटरचं असावं. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं. दोन इंचांचं भोक पाडलं की साळुंकी शिरते. तळ पाच इंच लांब आणि पाच इंच रुंद, उंची आठ-नऊ इंच. दार तळापासून पाच-सहा इंच वर, म्हणजे पिल्लं बाहेर घरंगळत नाहीत आणि मांजराचा पंजा आत पोचत नाही. दारासमोर बसायला दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, पण शिकारी पाखराला तिच्यावर बसून आत डोकावता येतं.

तळाला पाणी निघायला चार बारीक भोकं, वरच्या बाजूला हवा खेळायला दोन-तीन भोकं. छप्पर पुढे दोन इंच आलेलं आणि उतरतं. एक बाजू किंवा छप्पर उघडता आलं पाहिजे. जे घर उघडत नाही, ते साफ करता येत नाही. आतून रंग, वार्निश काही नको.

पत्रा, प्लॅस्टिकचा डबा, तेलाची कॅन यांची घरं आपल्या भागात नकोतच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नवतपा तर तुम्हाला सांगायलाच नको. पुठ्ठ्याचा खोका पहिल्या पावसात लोळतो. लाकूड चांगलं, आणि मातीचं मडकं त्याहून स्वस्त. कुंभाराकडून मडकं कच्चं असतानाच बाजूला सव्वा इंचाचं भोक आणि बुडाला बारीक भोकं पाडून घ्या. मडक्याच्या तोंडावर मातीची परळ तारेनं घट्ट बांधा. साफ करताना परळ सोडली की झालं.

कुठे आणि कसं टांगायचं

जमिनीपासून आठ-दहा फूट उंच. दार पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही टळतात. झाडाच्या हलत्या फांदीपेक्षा वाचनालयाची, अंगणवाडीची किंवा शौचालयाची भिंत बरी, छज्जाखालची. चिमणीला हलतं घर आवडत नाही. चिमण्या शेजारानं राहतात, म्हणून एका भिंतीवर तीन-चार घरं चालतात, फक्त दोन घरांत तीन-चार फुटांचं अंतर ठेवा. झोपाळा, घसरगुंडी आणि लाउडस्पीकर यांच्यापासून लांब.

आता आमची एक सूचना. घर भिंतीला ठोकून टाकू नका. मागे कडी लावा आणि भिंतीतल्या मजबूत खिळ्यावर अडकवा. आंबे तोडायची आकडी असते ना, तशी लांब बांबूची आकडी केली की घर हळूच उचलून खाली घेता येतं. शिडी नको आणि लुगडं सावरत वर चढणं नको. मडकं जड असतं, त्याला मात्र दोघी लागतात.

आठवड्याची पाळत

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बागेत बसायचं, घर न उघडता. चिमणी गवताच्या काड्या, पिसं, सुतळी नेताना दिसली की घरटं बांधणं सुरू आहे. ती तीन ते पाच अंडी घालते. नर-मादी दोघंही अंडी उबवतात. साधारण बारा-तेरा दिवसांत पिल्लं निघतात आणि पंधरवड्यात उडतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून महिनाभर त्या घराला हात लावायचा नाही. चोचीत अळ्या घेऊन ये-जा दिसली की पिल्लं आहेत असं समजा. त्या दिवसांत बागेत औषध फवारू देऊ नका आणि त्या भिंतीचा रंगरंगोटीचा बेत पुढे ढकलायला सांगा.

खाली पाण्याची उथळ परळ ठेवा आणि पाणी रोज बदला. तेच पाणी आठवडाभर राहिलं तर डास होतात. बाग सगळी फरशीनं बांधून काढू नका. मेंदीचं कुंपण, कढीपत्ता, बोगनवेल यांच्या जाळीत चिमण्या लपतात, आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या मातीत त्या धूळ अंगावर घेतात.

पिल्लू खाली पडलं तर आधी पाहा की अंगावर पिसं आहेत का. पिसं असून ते टुणटुण उडत असेल तर ते उडायला शिकत आहे. त्याला झुडपावर ठेवा, कुत्र्या-मांजराला हाकला आणि दूर व्हा. आई त्याला चारते. उघडं-नागडं पिल्लू असेल तर हळूच उचलून परत घरात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे, पण ते खरं नाही. चोचीत दूध किंवा पाणी मात्र ओतू नका, त्यानं पिल्लू गुदमरतं.

वर्षाची साफसफाई

साफसफाईला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरा. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, २०२० सालापासून. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधच्या जंगलात कितीतरी वर्षं काढली. तेव्हा नवेगावबांध आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं, गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. कापणीची घाई असते हे खरं, पण एका घराला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

आधी दोन दिवस पाळत ठेवा. ये-जा दिसली, किंवा उघडल्यावर अंडी, पिल्लं दिसली तर घर तसंच परत लावा आणि महिन्यानं पाहा. रिकामं असेल तर तोंडाला ओढणी बांधा, हातात पिशवी घाला. जुन्या घरट्यावर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडत नाही. घरटं काढून खताच्या खड्ड्यात पुरा. त्यात बारीक किडे असतात, तेच पुढच्या पिल्लांचं रक्त पितात. मग उकळतं पाणी ओतून घर घासा आणि दिवसभर उन्हात वाळवा. गॅमॅक्सिन पावडर, फिनाईल काही नको. सैल खिळे ठोका, तळाची भोकं मोकळी करा. शेवटी हात साबणानं धुवा.

दुसरी तपासणी मार्चच्या सुरुवातीला. फक्त कडी, छप्पर आणि सावली पाहायची. झाड छाटलं गेलं असेल आणि घरावर दुपारचं ऊन येत असेल तर त्याची जागा बदला.

जबाबदारी कुणाची

बाग सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, असं होऊ नये. ग्रामसभेत एक छोटा ठराव मांडा. कोणती घरं कोणत्या गटाकडे, आकडी कुणाच्या घरी राहील, वही कोण लिहील, भिंत रंगवण्याआधी ग्रामपंचायत कुणाला विचारेल, एवढ्या चार गोष्टी त्यात असू द्या. वहीत तारीख, घराचा नंबर आणि काय दिसलं, एवढं एका ओळीत लिहा. दोन वर्षांत एकाही घरात काडी गेली नाही, तर ती जागा चुकीची आहे. घर दुसऱ्या भिंतीवर न्या. जितकी घरं सांभाळता येतील तितकीच टांगा. पाच राखलेली घरं पन्नास विसरलेल्या घरांपेक्षा कामाची.

बाया विचारतात ते प्रश्न

चिमण्या वाढल्या तर धान खाणार नाहीत का? दाणे खातात, हे खरं. पण पिल्लांना त्या अळ्या आणि किडेच चारतात. चीनमध्ये १९५८ साली दाणे वाचवायला चिमण्या मारण्याची मोठी मोहीम निघाली. पुढे किडी माजल्या आणि १९६० साली चिमणीचं नाव त्या यादीतून काढावं लागलं.

पाखरांमुळे डास कमी होतात का? त्या आशेनं घर टांगू नका. अमेरिकेतलं ते पाखरू दिवसाला दोन हजार डास खातं, असं सांगून तिकडे घरं खपवली गेली. पण ते दिवसा उंच आभाळात शिकार करतं आणि डास निघतात तिन्हीसांजेला, जमिनीजवळ. डासांसाठी नाली वाहती ठेवणं हाच उपाय.

मोबाईलच्या टॉवरनं चिमण्या गेल्या का? तसा पक्का पुरावा नाही. घरट्याला जागा नाही आणि पिल्लांना अळ्या नाहीत, या दोन अडचणी मात्र डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यांवर आपल्याला काही करता येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात गटाची बैठक झाली की तशाच उठून बागेत जा. टांगलेली घरं मोजा. कोणतं पत्र्याचं आहे, कोणाचं दार मोठं आहे, कोणतं उघडत नाही ते लिहून घ्या. पत्र्याची आणि प्लॅस्टिकची जी रिकामी असतील ती उन्हाळ्याआधी उतरवून टाका. बाकीच्यांची वाटणी तिथेच करा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाका. पुन्हा भेटूच. नमस्कार.