सातव्या फ्रेटवरचा पंचम

गिटारच्या सातव्या फ्रेटमागे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून तार छेडा. मोकळ्या तारेचा स्वर षड्ज मानला, तर आता ऐकू येतो तो पंचम. अनेक अकूस्टिक गिटारींची तार नटपासून ब्रिजपर्यंत सुमारे ६४८ मिलिमीटर असते. शुद्ध पंचमासाठी तिचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे ४३२ मिलिमीटर, कंप पावायला हवा. सातव्या फ्रेटनंतर उरते साधारण ४३२.५. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडताना पंचमाशी करावी लागलेली तडजोड फक्त अर्ध्या मिलिमीटरची! पाचव्या फ्रेटवर असाच मध्यम भेटतो आणि बाराव्यावर, तार बरोबर निम्मी होते तिथे, तार षड्ज.

कॅपो सहाही तारांची लांबी अशी एकदम कमी करतो. गायिकेने 'काळी दोन' सांगितली, की तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावायचा आणि सी कॉर्डच्या ओळखीच्या बोटांनी साथ करायची. गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने १९६९ साली 'हिअर कम्स द सन' या गाण्यात कॅपो सातव्या फ्रेटवर लावला होता. बोटं डी कॉर्डची, गाणं मात्र ए मध्ये. मोकळ्या तारांचा तो लखलखीत नाद एरवी त्या पट्टीत इतक्या सहज मिळत नाही.

एवढं करणाऱ्या या वस्तूला मुळात कामं दोनच: तारा फ्रेटला नीट टेकवायच्या आणि त्या जास्त ताणायच्या नाहीत. दुसरं अधिक अवघड. तार खाली दाबली की थोडी ताणली जाते, ताण वाढला की स्वर चढतो. कॅपो गरजेपेक्षा घट्ट बसला, तर सुरात लावलेली गिटारही बेसूर होते. स्प्रिंगचा कॅपो एका हाताने झटकन सरकवता येतो, पण बहुतेकांचा दाब ठरलेला असतो. स्क्रूच्या कॅपोचा दाब हवा तेवढाच ठेवता येतो. म्हणून कमी पैशांत पहिलाच कॅपो घ्यायचा असेल, तर माझं मत निःसंशय स्क्रूच्या बाजूने. काहीशे रुपयांतही चांगला मिळतो.

किमतीपेक्षा कॅपोचं रबर पाहा. ते सलग, लवचिक आणि फ्रेटबोर्डच्या आकाराला जुळणारं हवं. स्टीलच्या तारांच्या गिटारचा फ्रेटबोर्ड सहसा किंचित फुगीर असतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारचा सपाट आणि रुंद. एकीचा कॅपो दुसरीवर लावला, तर एखादी तार खरखरू शकते.

शक्य असेल तर आपलीच गिटार दुकानात न्या. कॅपो दुसऱ्या फ्रेटच्या अगदी मागे, पण फ्रेटवर चढणार नाही असा लावा आणि सहाही तारा एकेक करून छेडा. मग ट्यूनर पाहा. सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या आणि काटा फारसा चढला नाही, तर तो कॅपो खुशाल घ्या, कितीही स्वस्त असला तरी.