रक्त वाढलं, पण...

‘रक्त कमी आहे’ हे वाक्य आपल्या घरांत काही नवं नाही. आईचं कमी, लेकीचं कमी, बाळंतिणीचं तर हमखास कमी. म्हणून अळिवाचे लाडू, खजूर, बीट माझ्याकडे कायम तयार. पण रक्त जास्त झालं म्हणूनही माणूस आजारी पडतो, हे मला पंचेचाळिशीत कळलं.

२०२२ मध्ये ह्यांचं पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. मेंदूच्या तळाशी असलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी. नंतर ह्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पुरेसं तयार होईना. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन सुरू झालं. गळून गेलेला माणूस पुन्हा सायकलवरून बाजारात जाऊ लागला. मला तर देवच पावला! पण ‘हे कुणाला सांगायचं नाही’ अशी ह्यांची सक्त ताकीद. सासूबाईंना ‘शक्तीचं इंजेक्शन’ एवढंच ठाऊक. तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं; लॅबमधला मुलगा ओळखीचा, म्हणून तेही टळत गेलं.

सात-आठ महिन्यांनी ह्यांचं डोकं दुखू लागलं, चेहरा लालबुंद दिसू लागला. मला वाटलं, तब्येत सुधारली! वर मी लोहाचं टॉनिकही सुरू केलं. नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, पण इंजेक्शनचा विषय ह्यांनी काढलाच नाही. शेवटी न राहवून मीच बोलले. डॉक्टरांनी लगेच सीबीसी करायला सांगितली. हिमोग्लोबिन १८.७ आणि पीसीव्ही ५६!

पीसीव्ही म्हणजेच हिमॅटोक्रिट. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शेकडा किती, ते त्यावरून कळतं. टेस्टोस्टेरॉनमुळे हाडांतल्या मगजात या पेशी जास्त बनू लागतात. आमटी आटली की दाट होते ना, तसं रक्त दाट होतं, गुठळीची भीती वाढते. आकडा ५४च्या वर गेला की उपचार थांबवायचे, असं हार्मोनच्या डॉक्टरांनी समजावलं. माझं टॉनिकही त्यांनी बंद केलं.

मग त्यांनी विचारलं, ‘सिगारेट? पाणी किती पिता? रात्री घोरता का?’ घोरण्याचं उत्तर मीच दिलं! तपासणीत झोपेत श्वास अडकतो असं निघालं. प्राणवायू कमी पडला की शरीर आणखी तांबड्या पेशी बनवतं म्हणे. त्यासाठी रात्री मशीन लावायला सुरुवात झाली.

दीर म्हणाले, ‘रक्तदान करून टाक ना, दादा!’ डॉक्टरांनी सांगितलं, कधी कधी रक्त काढावं लागतं, पण ते आम्ही ठरवू. वारंवार काढलं तर शरीरातलं लोह संपतं.

तीन महिन्यांत पीसीव्ही ४९वर आला. मग कमी मात्रेत इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. इंजेक्शनपेक्षा जेलने रक्त कमी वाढतं, तोही पर्याय त्यांनी सांगून ठेवलाय.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणाला हे औषध चालू असेल तर सुरू करण्याआधी, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी सीबीसी करून घ्या. मनाने औषध बंद करू नका, मात्राही वाढवू नका. छातीत दुखलं, धाप लागली, एक पाय सुजला, बोलणं अडखळलं, तर तडक दवाखाना गाठा.

आता आमच्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी ‘ह्यांचं रक्त’ असं लिहिलेलं असतं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा ह्यांनीच त्यांना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अरे, मग आधी का नाही सांगितलंस?’